रंग गेला कुठे? टॅनिन आणि लोखंडाचा लेप देऊन डाईचं पाणी गाळणारं मेम्ब्रेन बनवायचं आणि नीट तपासायचं कसं

दरवर्षी दिवाळीनंतर एमएस्सीची दोन-तीन मुलं माझ्याकडे येतात, कुणी ठाण्याचं, कुणी वाशीचं, आणि सगळ्यांच्या मोबाईलमध्ये साधारण तोच फोटो असतो. डावीकडच्या बाटलीत निळंशार पाणी, उजवीकडच्या बाटलीत नळासारखं स्वच्छ, आणि खाली लिहिलेलं, ९९ टक्के रंग गेला. मी प्रत्येकाला एकच विचारतो, गेला कुठे? त्यांना वाटतं मी तोंडी परीक्षा घेतोय, पण मला खरंच ते हवं असतं, कारण गाळण्याने रंग नाहीसा होत नाही. तो एकतर मेम्ब्रेनच्या, म्हणजे गाळणाऱ्या पातळ पडद्याच्या, अलीकडे उरलेल्या पाण्यात दाट होऊन थांबतो नाहीतर मेम्ब्रेनलाच चिकटतो. थांबला तर ते फिल्टर. चिकटला तर तो टीपकागद, आणि टीपकागद भरला की पुढचा रंग खाली उतरणारच.

हे इतकं लावून धरायचं कारण आपल्या आजूबाजूलाच आहे. उल्हासनगरच्या जीन्स वॉशिंगचं पाणी झेललेली वालधुनी, भिवंडीचे डाईंगवाले, डोंबिवलीची एमआयडीसी, आणि इकडे तळोज्याची कासाडी नदी, जिच्या काठी ऑगस्ट २०१७ मध्ये निळी झालेली कुत्री फिरताना अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितली. मी ऐरोलीत राहतो, खाडी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, आणि हे सगळं पाणी शेवटी कुठल्या ना कुठल्या खाडीतच उतरतं. म्हणून खाली जे लिहितोय ते कॉलेजच्या लॅबमध्ये करता येईल असं आहे, आणि ईटीपी, म्हणजे कारखान्याचा सांडपाणी प्रक्रिया प्लँट, सांभाळणाऱ्या माणसालाही कामाला यावं असा प्रयत्न आहे.

निसर्गाकडून नेमकं काय घ्यायचं

भरतीच्या लाटा आदळत असतानाही खडकाला घट्ट चिकटून बसलेले हिरवे शिंपले बघितलेत ना, ओल्या दगडाला चिकटणं ही सोपी गोष्ट नाही, आपला कुठलाही साधा गोंद तिथे हार मानतो. शिंपल्याच्या चिकट प्रथिनात डोपा नावाचा घटक असतो, ज्याच्यावर कॅटेकोल म्हणजे शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेलं कडं असतं, आणि मुख्य पकड त्याची. २००७ मध्ये मेसरस्मिथ यांच्या गटाने सायन्स मासिकात दाखवलं की डोपामिन २ मिलीग्रॅम प्रति मिली, ट्रिस बफर, पीएच ८.५, एवढ्यात कुठलीही वस्तू बुडवून ठेवली तर तिच्यावर पॉलिडोपामिनचा काही दहा नॅनोमीटरचा पातळ थर बसतो. तिथून मेम्ब्रेनवाल्यांनी ही कल्पना उचलली, कारण या थराने मेम्ब्रेन पाणी ओढून घेणारं होतं, त्यावर घाण कमी बसते आणि पुढे दुसरं काही जोडायलाही जागा मिळते.

अडचण पैशांची आहे. डोपामिन महाग पडतं आणि कॉलेजच्या बजेटमध्ये एकदा संपलं की परत येत नाही. पण तशीच पकड असलेली गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात आहे, दोन दिवस न घासलेल्या कपाला चहाचा जो तपकिरी डाग बसतो तो पॉलिफेनॉलचा, म्हणजे टॅनिनसारख्या तुरट द्रव्यांचाच थर. २०१३ मध्ये मेलबर्नच्या कारुसो यांच्या गटाने टॅनिक ॲसिड आणि फेरिक लोखंड एकत्र करून काही मिनिटांत साधारण १० नॅनोमीटरचा लेप बसवून दाखवला. आणि हिरडा नि हिराकस एकत्र आले की काळं होतं हे तर आपल्याकडच्या रंगाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. जुन्नर-आंबेगावकडचे लोक जो हिरडा गोळा करतात त्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड, रसायन तेच. ज्या हिरड्याने कापडावर रंग पक्का केला त्यानेच पाण्यातला रंग अडवायचा, हे मला फार आवडतं, म्हणून मी मुलांना हाच मार्ग देतो.

खाडीतल्या तिवरांचं पण उदाहरण देतात. तिवराच्या मुळांशी बहुतेक मीठ बाहेरच अडतं आणि जे आत येतं ते पानांतून बाहेर टाकलं जातं, पानावर मिठाचे कण दिसतात. शिकण्यासारखं म्हणजे झाड हे अतिशय सावकाश करतं. कमी दाब, कमी वेग, आणि मूळ तुंबत नाही. आपण मात्र पहिल्याच दिवशी दाब वाढवून मोकळे होतो.

ॲक्वापोरिनचं नाव पण ऐकाल, पेशीतलं पाण्याचं दार, ज्याच्यासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. सुंदर आहे, पण डाईच्या पाण्यासाठी लॅबमध्ये स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नका. पाइनच्या लाकडाचं फिल्टर पण असंच, एमआयटीच्या कर्णिक यांच्या गटाने २०१४ मध्ये त्यातून जीवाणू गाळून दाखवले, पण विरघळलेल्या डाईचा रेणू साधारण नॅनोमीटरभराचा, तो लाकडाच्या छिद्रातून आरामात निघून जातो.

आधी पाणी ओळखा

मेम्ब्रेन हातात घ्यायच्या आधी एक दिवस पाण्यावर घालवा. नमुना शेवटच्या पाइपमधून घेऊ नका, इक्वलायझेशन टँकमधून, म्हणजे सगळं सांडपाणी एकत्र होतं त्या टाकीतून घ्या, आणि एकदाच नाही तर दिवसभरात दर दोन-तीन तासांनी थोडा थोडा घेऊन एकत्र करा, कारण सकाळी काळा बॅच असतो आणि दुपारी पिवळा. पीएच, तापमान, टीडीएस (विरघळलेले क्षार) जागेवरच मोजा. मग एक साधी गोष्ट करा जी बहुतेक जण करत नाहीत, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून थोडं पाणी काढा. रंग गेला तर तुमचा रंग कणांच्या रूपात आहे, राहिला तर विरघळलेला आहे. इथेच अर्धा निर्णय होतो.

जीन्सचा इंडिगो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे वॉशिंगच्या पाण्यातला निळा बराचसा कण आणि धाग्यांच्या स्वरूपात असतो. त्याला बारीक छिद्रांचं नॅनोफिल्ट्रेशन लावणं म्हणजे पैसे वाया, चांगलं सेटलिंग आणि त्यामागे अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे नॅनोपेक्षा मोठ्या छिद्रांचं मेम्ब्रेन, बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं. सुती कापडाची रिॲक्टिव्ह डाई मात्र पूर्ण विरघळलेली असते, आणि तिचा १० ते ४० टक्के भाग कापडाला न लागता पाण्यात येतो. वर डाईंगमध्ये लिटरला कित्येक ग्रॅम मीठ टाकलेलं असतं, ते सगळं याच पाण्यात. पुढचं सगळं या दुसऱ्या पाण्यासाठी आहे.

कुठे पोहोचायचंय तेही माहीत असू द्या. टेक्सटाइलसाठीच्या २०१६ च्या केंद्रीय मानकांत रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट युनिट, बीओडी ३०, सीओडी २५० (दोन्ही पाण्यातला सेंद्रिय भार दाखवणारे आकडे), टीडीएस २१०० मिलीग्रॅम प्रति लिटर अशी मर्यादा आहे. तुमच्या युनिटच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीत, काय लिहिलंय तेच अंतिम, ते कागद काढून वाचा.

बेस मेम्ब्रेन

इथे सगळ्यात जास्त चूक होते. मुलं ०.२२ मायक्रॉनची चकती आणतात कारण ती लॅबमध्ये पडलेली असते. ०.२२ मायक्रॉन म्हणजे २२० नॅनोमीटर. त्यावर १० नॅनोमीटरचा लेप दिला तर छिद्र २०० नॅनोमीटरचं उरलं, आणि डाईचा रेणू १-२ नॅनोमीटरचा. दार उघडंच आहे, फक्त चौकटीला रंग दिलाय! पाणी स्वच्छ आलं तर ते लेपाला डाई चिकटली म्हणून, अडली म्हणून नाही. त्यामुळे बेस अल्ट्राफिल्ट्रेशनचा घ्या, पीईएस नावाच्या प्लॅस्टिकची शीट, १० ते ३० किलोडाल्टनची, म्हणजे त्याहून जड रेणू अडवणारी, छिद्रं मुळातच काही नॅनोमीटरची. शीटमधून आपल्या सेलच्या (मेम्ब्रेन बसवून दाबाने पाणी गाळायचं भांडं) मापाच्या चकत्या कापा, आणि एकाच रोलमधून निदान १२ कापा म्हणजे तुलना खरी होईल.

नवीन शीटमध्ये ग्लिसरिन भरलेलं असतं. ५० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीन-चार वेळा धुणं, आणि रात्रभर पाण्यातच. एकदा ओली केली की परत सुकू द्यायची नाही, सुकली की छिद्रं आक्रसतात आणि आकडे कशालाच जुळत नाहीत.

लेप

पहिल्यांदा शुद्ध टॅनिक ॲसिडने करा, हिरडा नंतर. टॅनिक ॲसिड ४० मिलीग्रॅम प्रति मिली आणि फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट १० मिलीग्रॅम प्रति मिली अशी दोन ताजी द्रावणं बनवा, ताजी म्हणजे त्याच दिवशीची, टॅनिक ॲसिडचं जुनं द्रावण काळपट होतं ते टाकून द्या. चकती अशी बसवा की फक्त वरची, चकचकीत बाजू द्रावणाला लागेल, फिल्टर होल्डर असेल तर उत्तम, नाहीतर दोन काचांमध्ये रबरची रिंग घालून क्लिप लावा. ९८ मिली पाणी, त्यात १ मिली टॅनिक ॲसिड, हलवा, एक मिनिट थांबा, मग १ मिली फेरिक क्लोराइड, परत हलवा. लगेच रंग चढेल. आता कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण थेंब थेंब टाकत पीएच ८ च्या आसपास आणा. घाई करू नका, एकदम टाकलं तर लोखंड वेगळं होऊन तपकिरी गाळ बसतो आणि तो लेप नव्हे.

पीएच का वाढवायचा तर आम्लात एका लोखंडाला एकच टॅनिनचा हात धरता येतो, पीएच वाढला की दोन आणि ७ च्या वर गेला की तीन, म्हणजे जाळं घट्ट विणलं जातं. रंगही निळ्याकडून लालसर-जांभळ्याकडे सरकतो, डोळ्याला दिसतं. पाच मिनिटांनी ओतून टाका, दोनदा धुवा. ही झाली एक फेरी. १, ३ आणि ५ फेऱ्यांचे वेगवेगळे तुकडे बनवा, प्रत्येकी तीन, आणि तीन तुकडे बिनलेपाचे ठेवा. बिनलेपाच्या तुकड्यांशिवाय केलेला प्रोजेक्ट मी वाचतसुद्धा नाही, कारण लेपाने काय केलं हे त्याच्याशिवाय कळूच शकत नाही.

हिरड्याचं करायचं तर बिया काढलेल्या सालीची पावडर १० ग्रॅम, २०० मिली पाणी, ६० अंशाला तासभर, आधी फडक्यातून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळायचं. टॅनिन किती उतरलं ते प्रत्येक खेपेला बदलतं, म्हणून एकाच दिवशी एकच मोठा काढा करून सगळे तुकडे त्यातच करा. हिराकशीत लोखंड फेरस असतं, ते हवेत हळूहळू फेरिक होतं, म्हणून काळेपणा यायला वेळ लागतो, थांबायची तयारी ठेवा.

तळोज्यात कोळंबी सोलणारी युनिटं बरीच आहेत आणि सालांपासून कायटोसान निघतं, त्याचंही मेम्ब्रेन होतं आणि ते रिॲक्टिव्ह डाई छान पकडतं. पण परत तेच, ते मुख्यतः पकडतं. आणि क्रॉसलिंक, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून पक्कं, केलं नाही तर आम्लात विरघळून जातं. साल ते कायटोसान हा प्रवास ४०-५० टक्के गरम कॉस्टिकमधून जातो, तो कॉलेजात करू नका, तयार घ्या.

तपासणी, म्हणजे खरं काम

स्टर्ड सेल (आत ढवळणी असलेला), नायट्रोजनचा सिलिंडर, २ बार दाब. सुरुवातीला तासभर नुसतं पाणी ३ बारला सोडा म्हणजे मेम्ब्रेन दबून स्थिर होईल, मग २ वर आणून पाण्याचा वेग मोजा. हिशोब साधा आहे, लिटर भागिले क्षेत्रफळ भागिले तास. समजा चकती १४ चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.००१४ चौरस मीटर, आणि १० मिनिटांत ७ मिली आलं, तर ३० लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास. २ बारने भागलं की १५, हा आकडा लिहून ठेवा.

आता डाई. सगळे मिथिलीन ब्लू घेतात कारण स्वस्त आणि दिसायला सुंदर. पण मिथिलीन ब्लूवर धन भार आहे आणि आपल्या टॅनिनच्या लेपावर ऋण, त्यामुळे तो चुंबकासारखा चिकटतो आणि पहिल्या ५० मिलीला ९९ टक्के येणारच. मी स्वतः सुरुवातीला याच आकड्यावर खूष होऊन तीन आठवडे पुढे गेलो होतो, आणि मग एका शनिवारी सेल जास्त वेळ चालू राहिला तर खालचं पाणी हळूहळू निळं होत गेलं. ते तीन आठवडे परत करावे लागले. म्हणून जोडी घ्या. मिथिलीन ब्लू ३२० आणि मिथिल ऑरेंज ३२७, रेणूचं वजन जवळपास सारखं, भार उलटे. दोघांचे आकडे शेजारी ठेवले की तुमचं मेम्ब्रेन आकाराने गाळतंय, भाराने ढकलतंय की नुसतं चिकटवतंय हे लगेच उघडं पडतं. मग खऱ्या कामासाठी रिॲक्टिव्ह ब्लॅक ५, वजन ९९२ च्या आसपास, ऋण भाराचा, आपल्याकडच्या काळ्या सुती कापडाचा नेहमीचा रंग. काँगो रेड टाळा, तो बेंझिडीनपासून बनलेला आहे आणि मुलांच्या हातात द्यायची गरज नाही. मोजताना स्पेक्ट्रोफोटोमीटर मिथिलीन ब्लूला ६६४, मिथिल ऑरेंजला ४६४ आणि ब्लॅक ५ ला ५९७ नॅनोमीटरच्या आसपास लावा, आणि कॅलिब्रेशन त्याच दिवशी करा.

आता माझा आवडता भाग, जमाखर्च. सेलमध्ये ५० मिलीग्रॅम प्रति लिटरचं २०० मिली घातलं, म्हणजे १० मिलीग्रॅम डाई जमा. १०० मिली खाली आलं आणि त्यात १ मिलीग्रॅम प्रति लिटर निघालं, म्हणजे ०.१ मिलीग्रॅम. तर वर उरलेल्या १०० मिलीमध्ये ९.९ मिलीग्रॅम असायला हवी, म्हणजे ९९ मिलीग्रॅम प्रति लिटर. वरचं पाणी मोजा. ७२ आलं? मग २.७ मिलीग्रॅम मेम्ब्रेनमध्ये बसली आहे, आणि तुमच्या ९९ टक्क्यांतला पाव भागाहून जास्त वाटा टीपकागदाचा आहे. हे एक मोजमाप दहा मिनिटांचं काम आहे. ते केलं नसेल तर बाकीचे ग्राफ कितीही देखणे असोत, मला त्यातून काही कळत नाही. चिकटण्याचा टप्पा संपवायचा असेल तर तीच डाई खालचं पाणी वर परत ओतत चार-पाच तास फिरवा आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहा.

मीठही बघा. डाईसोबत लिटरला ५-१० ग्रॅम मीठ घालून वर-खाली कंडक्टिव्हिटी मोजा. डाई अडली आणि मीठ निघून गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, उलट हीच या सैल नॅनोफिल्ट्रेशनची कमाई आहे, खारं पण बिनरंगाचं पाणी डाईंगला परत वापरता येतं, आणि दाबही कमी लागतो.

खरं सांडपाणी घातल्यावर

इथे बहुतेक लेप मरतात, आणि कारणं ठरलेली. डाईंगचं पाणी पीएच १०-११ चं आणि गरम असतं, तीव्र अल्कलीत टॅनिन स्वतः खराब होतं, म्हणून आधी थंड करा आणि ७-८ ला आणा, पण आम्ल जास्त पडलं तर लेप सुटून येतो. दुसरा शत्रू कुणी सांगत नाही, सिक्वेस्टरिंग एजंट. डाईंगमध्ये पाण्याचा जडपणा बांधायला तो टाकतात, आणि तो ईडीटीएसारखा (धातू घट्ट धरणारा) असेल तर आपल्या लेपातलं लोखंड ओढून नेतो. युनिटच्या मास्तरांना विचारा काय वापरतात, आणि खाली आलेल्या पाण्यात थोडं आम्ल नि पोटॅशियम थायोसायनेट टाकून बघा, लाल झालं तर लोखंड निघतंय. लाल झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, ईडीटीएने धरलेलं लोखंड या चाचणीत दिसत नाही.

हीच कमजोरी एका बाबतीत सोय आहे. लेप तुंबला की पातळ आम्लाने उतरवायचा, बेस धुवायचा, नवा लेप चढवायचा, म्हणजे पीईएस शीट फेकावी लागत नाही. प्रत्येक धुण्यानंतर स्वच्छ पाण्याचा वेग परत मोजा, पहिला १५ होता आणि आता १२ आला तर ८० टक्के परत मिळाला. हायपोक्लोराइटने धुऊ नका, टॅनिन त्यात टिकत नाही.

युनिटवाल्यांसाठी एक हिशोब. दिवसाला १०० घनमीटर गाळलेलं पाणी हवं, २० तास प्लँट, वेग १५ लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास धरला तर ३३० चौरस मीटरच्या वर मेम्ब्रेन लागतं, म्हणजे ८ इंची स्पायरल एलिमेंट (गुंडाळलेल्या मेम्ब्रेनची नळकांडी) साधारण नऊ, आणि धुण्याच्या वेळेसाठी जास्तीचे. एवढं हाताने लेपून होत नाही. तुम्ही तयार सैल नॅनोफिल्ट्रेशन घ्या, पण सप्लायरच्या ब्रोशरवर जाऊ नका, तुमच्याच टँकचं ५० लिटर पाणी द्या, आठवडाभर चालवायला सांगा आणि वरचा जमाखर्च त्यांच्याकडून लिहून मागा. वरच्या पाण्यात रंग किती आला हे जो सप्लायर सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आणि ते वरचं दाट पाणी, रिजेक्ट, तिथेच सगळा रंग आहे. १०० घनमीटरमधलं ८५ स्वच्छ झालं तर १५ घनमीटर काळंकुट्ट पाणी रोज उरणार, त्याची सोय आधी ठरवा आणि मग मेम्ब्रेनची ऑर्डर द्या. त्याला इव्हॅपोरेटर लागतो, त्यातून निघणारा घट्ट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो आणि आपल्या भागात तो तळोज्याच्या किंवा महापेच्या प्रक्रिया केंद्रात मॅनिफेस्टसकट (कचऱ्याच्या प्रवासाची नोंद असलेला कागद) पाठवावा लागतो. लॅबचं पण तसंच. माझ्याकडे सिंकशेजारी पाच लिटरचा कॅन ठेवलाय, त्यावर तारीख, डाईचं नाव आणि किती मिलीग्रॅम हे लिहायचं, आणि सेलमधला उरलेला प्रत्येक थेंब त्यातच. मुलं प्रोजेक्ट संपवून सही घ्यायला येतात तेव्हा मी वहीतला जमा आणि कॅनवरचा आकडा शेजारी ठेवून बघतो.